अक्कांची सोळा पानं

एखाद्या पुस्तकाचं नाव कुणी काढलं की अक्का एकच प्रश्न विचारायच्या. "कितव्या पानावर उतरलात?"

विचारण्यात टोमणा नसे. बसने आलेल्या पाहुण्याला आपण "कुठं उतरलात, मार्केटला की कॉर्पोरेशनला?" असं विचारतो, तितक्याच साधेपणानं त्या विचारत. पुस्तक म्हणजे बस, वाचणारा म्हणजे प्रवासी, आणि प्रत्येकानं शेवटच्या थांब्यापर्यंत गेलंच पाहिजे असा काही कायदा नाही, हे त्यांचं मत होतं. त्या स्वतः बिनदिक्कत उतरत. "ती कादंबरी? मी तिसाव्या पानावर उतरले बाई. आत हवा नव्हती," असं भर बैठकीत सांगत. मधेच उतरून 'मी शेवटपर्यंत गेलो होतो' म्हणणारा माणूस मात्र त्यांना समजत नसे. आणि नेमक्या अशाच माणसांच्या मंडळात त्या येऊन पडल्या होत्या.

हे आमचं, कन्नड मुलखातल्या एका शहरातल्या सर्जापूर रोडचं, मराठी वाचकमंडळ. मोबाईलवरच्या गटात सभासद एकशे चाळीसच्या वर. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुठल्या तरी सोसायटीच्या क्लबहाउसात प्रत्यक्ष येणारे वीस-बावीस. वाचणारे किती, हा आकडा मला बरीच वर्षं काढता आला नाही. मी बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात कॉस्टिंग बघतो. माल किती आला, किती गेला आणि मधे किती गळाला हे पाहण्याची सवय आहे. मंडळात जायला मला आमच्या सौभाग्यवतींनी भाग पाडलं. "रविवारी घरात बसून सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलात चुका काढता, त्यापेक्षा पुस्तकांत काढा. निदान सेक्रेटरी तरी आपल्याशी बोलेल," असं ती म्हणाली.

मंडळाची रीत अशी. प्रत्येकानं आपलं आवडतं पुस्तक आणायचं, त्यावर पाच मिनिटं बोलायचं, मग चिवडा, मग चहा, आणि शेवटी सगळ्यांनी आपापलं पुस्तक छातीशी धरून फोटो काढायचा. फोटोत आम्ही सगळे पोलिसांनी पाटी धरायला लावल्यासारखे दिसायचो. बोलण्यात एक पथ्य होतं. पुस्तक आवडलं नाही, असं कुणी म्हणायचं नाही. ते कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मी गेलो त्या दिवसापासून, अक्का सोडल्या तर, एकही पुस्तक कुणाला नावडलेलं मी ऐकलं नाही. एवढा शून्य नापास माल कुठल्याही कारखान्यात निघत नाही.

संयोजक देवधर. एका सॉफ्टवेअर कंपनीत बऱ्याच उंचीवर आहेत आणि तिथूनच बोलतात. कुठल्याही पुस्तकातून ते तीन 'टेकअवे' काढत. कादंबरी असो, प्रवासवर्णन असो, शंकराच्या देवळाची स्मरणिका असो, तीनच. दोन नाहीत, चार नाहीत. अक्कांनी पहिल्याच बैठकीत त्यांना आपला प्रश्न विचारला, तेव्हा देवधर हसून म्हणाले, "अक्का, मी ऑडिओ ऐकला. ऑफिसला जाता-येता. दीडपट स्पीडनं."

"सरी, सरी," अक्का म्हणाल्या, म्हणजे कन्नडात 'बरं, बरं'. "मग खिडकीतनं काही दिसलं काय?"

चिवडा त्या दिवशी दहा मिनिटं लवकर आला.

अक्कांचं खरं नाव मंडळातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचं घर शहराच्या जुन्या भागात, चामराजपेटेत. पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं, असं त्या सांगत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. अंगावर सुती साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत पुस्तकं आणि बसमध्ये खायला कोडबळं. दोन बस बदलून, पावणेदोन तास घालवून त्या सर्जापूर रोडला येत. आम्ही बाकीचे पुण्यामुंबईहून पंधरा-वीस वर्षांत इथे आलेले. आमचं मराठी इंग्रजीत बुडालेलं, त्यांचं कन्नडात मुरलेलं. पानसेबाई एकदा त्यांना म्हणाल्या, "काय गोड बोलता हो अक्का! रेकॉर्ड करूनच ठेवायला हवं."

"ठेवा की. पण मी बोलते ते पहिलं ऐका, मग ठेवा."

पानसेबाईंची इथे ओळख करून देतो. पानसेबाई एका मोठ्या शाळेच्या निवृत्त उपमुख्याध्यापिका. त्यांच्याकडे पुस्तकासाठी एकच शब्द होता, 'अप्रतिम'. तो त्या 'प्र'वर जोर देऊन, डोळे किंचित मिटून म्हणत. शब्द इतका सफाईनं येई, की मागे पुस्तक आहे की नाही हे कळायला मार्ग नसे.

अक्का काही साध्वी नव्हत्या. त्यांचेही हट्ट होते, आणि काही तर अन्यायाचे होते. मुखपृष्ठावर मावळता सूर्य दिसला की पुस्तक त्या हातात घेत नसत. कविता त्यांना चालत नसे. "ओळीओळीला थांबा. माणसानं पोचायचं कधी?" रहस्यकथा उसनी देताना त्या खुन्याचं नाव आधीच सांगून टाकत. "तो डॉक्टरच आहे. आता स्वल्प सावकाश वाचा, पळू नका." यावरून एका सभासदानं त्यांच्याशी कायमचा अबोला धरला. माझ्याही हातातल्या दोन कथा त्यांनी अशा बाद केल्या. मला राग आला, पण दोन्ही मी सावकाश वाचल्या, हेही खरं.

मला त्यांनी पहिल्या भेटीत प्रश्न विचारला तेव्हा माझ्या हातात एक गाजलेली कादंबरी होती, आदल्या बैठकीत मंडळानंच वाचायला लावलेली. मी म्हटलं, "चौदा."

"चौदावं प्रकरण?"

"चौदावं पान."

अक्कांनी मला आपादमस्तक पाहिलं. "काम काय करता?"

"कारखान्यात. हिशेब."

"लेक्क!" त्या म्हणाल्या. कन्नडात लेक्क म्हणजे हिशेब. तेव्हापासून मी त्यांचा 'लेक्कप्पा' झालो. माझी पन्नाशी उलटली आहे आणि ऑफिसात लोक मला सर म्हणतात, पण त्या नावानं मला हाक मारलेली कधी खटकली नाही.

आता त्या कादंबरीकडे येतो. अक्कांची म्हणून जी कादंबरी ओळखली जायची, तिचं नाव किंवा लेखिकेचं नाव मी इथे देणार नाही. तुम्ही ते ऐकलेलं नसणार, आणि तरी तुमच्यापैकी काहीजण "हो हो, वाचलीय" म्हणतील, याची मला भीती वाटते. अक्का आणि त्यांचे यजमान यांनी ती लग्नानंतर चारेक वर्षांनी बेळगावहून आलेल्या एका पुस्तकविक्याकडून घेतली होती. घरी येऊन पाहतात तो बांधणाऱ्यानं घोळ घातलेला. पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधतात. यात सत्त्याण्णव ते एकशे बारा हा फर्मा दोनदा बांधला होता, आणि एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस हा मुळातच नव्हता. म्हणजे एकशे बाराव्या पानानंतर पुन्हा सत्त्याण्णव, आणि दुसऱ्यांदा एकशे बारा झाल्यावर एकदम एकशे एकोणतीस.

नेमकं त्या सोळा पानांत नायिका घर सोडते. एकशे बाराव्या पानावर इंदू सासरच्या स्वयंपाकघरात आहे. एकशे एकोणतिसाव्या पानावर ती दुसऱ्या गावात मुलींच्या वसतिगृहावर देखरेख करते आहे. मधे काय झालं? ती सासूला सांगून निघाली, की न सांगता? अक्का म्हणत, सांगून. यजमान म्हणत, न सांगता. या एका गोष्टीवर दोघं तीसेक वर्षं भांडली. यजमानांनी प्रकाशकाला एकदा पत्र टाकलं, उत्तर आलं नाही, आणि पुढे तो प्रकाशकही बंद पडला. दुसरी प्रत शोधायचं म्हटलं तर सापडली असती. अक्कांनीच शोधू दिली नाही. "भांडण मिटलं असतं ना," असं मला म्हणाल्या.

मग यजमान गेले. भांडण अर्धं राहिलं. अक्कांना इंदूबद्दल बोलायला माणूस उरला नाही. मुलगा होसकोट्याला एका कारखान्यात. स्वभावानं चांगला, पण कन्नड शाळेत शिकलेला. मराठी बोलतो, वाचत नाही. बाईंना एकच माणूस हवा होता. ती कादंबरी पुरी वाचलेला, आणि तिच्यावर वाद घालील असा. तेवढ्यासाठी त्या आमच्या मंडळात आल्या होत्या. चिवड्यासाठी नव्हे, आमच्या फोटोसाठी तर नव्हेच.

मंडळात त्यांनी ते पुस्तक एकेकाला द्यायला सुरुवात केली. बांधणीतली चूक त्या मुद्दाम सांगत नसत. "सांगितलं तर घेत नाहीत लोक. फाटकी साडी म्हणतात." सापळा वगैरे लावण्याचा बाईंचा स्वभाव नव्हता. वाचणारा त्या खड्ड्यापाशी आला की आपणहून ठेचकाळेल, धावत येईल आणि विचारील, "अक्का, पुढे काय झालं हो?" एवढीच त्यांची अपेक्षा. मग त्या म्हणणार, "तुम्हीच सांगा."

पुस्तक देवधरांकडे चार महिने होतं. परत देताना ते म्हणाले, "फारच सुंदर. माझे तीन टेकअवे आहेत." ते तिन्ही मी ऐकले. त्यातला एकही एकशे बाराव्या पानापर्यंतसुद्धा गेला नव्हता. तिन्ही मलपृष्ठावरच्या मजकुरात बसत होते. पानसेबाईंनी दोन आठवड्यांत परत केलं. "अप्रतिम! विशेषतः शेवट." आणखी पाच-सहा जणांकडून ते फिरून आलं. कुणाला ओघवतं वाटलं, कुणाला एका बैठकीत संपवावंसं वाटलं. सोळा पानं जशीच्या तशी दोनदा आली आहेत, हे कुणाच्याही ओघाला आडवं आलं नाही.

दर वेळी पुस्तक परत घेताना अक्का त्या माणसाच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहत, आणि मग पुस्तक पिशवीत टाकत. त्यांनी कुणालाही 'कितव्या पानावर उतरलात' असं त्या पुस्तकाबद्दल विचारलं नाही. तसं का, हे मी पुढे केव्हा तरी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "खोटं बोलले असते. माझ्या इंदूवर कशाला खोटं?"

शेवटी ते माझ्याकडे आलं. मला पानांचे आकडे आधी दिसतात, मजकूर नंतर. त्यात साहित्यप्रेम काही नाही. बॅलन्स शीट वाचतानाही तसंच होतं. मी सगळं वाचलं, दोनदा आलेला फर्मा दोनदा वाचला, न जाणो दुसऱ्या वेळी काही बदल असेल म्हणून. मग अक्कांना फोन केला.

"अक्का, तुमच्या पुस्तकात सोळा पानं जास्त आहेत आणि सोळा कमी."

मला वाटलं लाइन गेली.

"वाचलंत?" त्या हळूच म्हणाल्या.

"वाचलं."

"सगळं?"

"होतं तेवढं."

"कसं वाटलं?"

मी सरळ माणूस आहे. म्हटलं, "मला फार नाही आवडलं. ती इंदू नको तिथे गप्प बसते. आणि घरी कुणाला न सांगता निघून जाते, हे काही बरोबर नाही."

"न सांगता?" अक्कांचा आवाज एकदम तरुण झाला. "अय्यो! न सांगता कोण म्हणालं? आमचे हेही असंच म्हणायचे. तेही चुकले, तुम्हीही चुकला. येताय कधी? उद्या या. जेवायलाच या!"

त्यानंतर महिन्यातून एकदा तरी मी चामराजपेटेला जाऊ लागलो. दुपारी बिसीबेळे भात आणि त्यानंतर इंदू. माझा मुद्दा सोपा होता. एकशे एकतिसाव्या पानावर इंदूकडे दोनच साड्या आहेत. एक धुते, एक नेसते. सांगून निघालेली सून ट्रंक घेऊन निघते. अक्कांचा मुद्दा, एकशे चाळिसाव्या पानावर तिला घरचं लोणचं येतं. "पळून गेलेल्या सुनेला लोणचं कोण पाठवतो, लेक्कप्पा?" मी म्हणे, लोणचं आलं एवढंच लिहिलंय, कुणी पाठवलं ते लिहिलेलं नाही. शेजारणीनं पाठवलं असेल. त्या म्हणत, शेजारणीच्या लोणच्याला 'घरचं' कोण म्हणतं? मी म्हणे, कैरीचं लोणचं मुरायला लागणारे दिवस धरले तर सासूचा राग निवायलाही तेवढेच दिवस मिळतात. त्या म्हणत, "तुमची सासू भेटवा मला, राग किती दिवसांत निवतो ते विचारते."

एकदा सौभाग्यवती बरोबर आली होती. परत येताना रिक्षात म्हणाली, "आपल्या लग्नात माझ्या साड्या किती होत्या, सांगा."

मला आठवेना.

"आणि त्या इंदूच्या दोन, त्या बऱ्या आठवतात."

मंडळात ही गोष्ट मी सांगायला नको होती, असं अक्कांचं मत. पण मला त्या ओघवत्या लोकांचा कंटाळा आला होता. एका बैठकीत पाच मिनिटं मिळाल्यावर मी उठून साधेपणानं सांगितलं, की अक्कांच्या पुस्तकात अमुक पानं दोनदा आहेत आणि अमुक नाहीत, आणि ते आपल्यापैकी आठ जणांनी वाचून परत केलेलं आहे.

पानसेबाई पर्समध्ये चष्मा शोधू लागल्या. तो त्यांच्या डोळ्यांवरच होता. मग देवधर सावकाश उभे राहिले. उंचीवरचा माणूस उगाच उंचीवर जात नाही.

"मला ते जाणवलं होतं," ते म्हणाले. "पण मी ते चूक म्हणून वाचलं नाही. इंदूच्या आयुष्यात तेच तेच घडतं. म्हणून लेखिकेनं तीच पानं पुन्हा दिली. आणि मग एक मोकळी जागा. ती वाचकानं भरायची. हे फार आधुनिक तंत्र आहे."

"मलाही तसंच वाटलं होतं," कुणीसं म्हणालं. मग आणखी दोघांना वाटलं होतं. दहा मिनिटांत आठही जणांना वाटलेलं होतं, आणि पुढच्या महिन्यात 'मोकळ्या जागांचं साहित्य' या विषयावर खास बैठक घ्यायची ठरलं. बांधणाऱ्याच्या हातून झालेल्या चुकीला मी इतकी बढती मिळालेली दुसरीकडे पाहिलेली नाही.

त्या खास बैठकीत देवधरांनी आपल्या फोनला ती हरवलेली सोळा पानं विचारली. फोननं जराही न अडखळता सांगितलं, की इंदू पहाटे बंदरावर जाते, तिथे तिला तिचा बालमित्र भेटतो आणि दोघं जहाजानं निघतात. कादंबरीतलं गाव समुद्रापासून दीडशे मैलांवर आहे.

देवधर उत्साहानं म्हणाले, "बघा अक्का! तुमचा प्रश्न सुटला."

अक्का म्हणाल्या, "हा फोन आपल्या मंडळाचा सभासद करून घ्या. बरोबर बसतो."

बाहेर आल्यावर मात्र त्या माझ्यावर रागावल्या. "कशाला सांगितलंत? आता सगळे पानं मोजतील, वाचणार कुणी नाही. मला अजून एक माणूस पायजे होता."

"मी आहे की."

"तुम्ही आहात. पण तुम्ही आमच्या ह्यांच्या बाजूचे. माझ्या बाजूला कोण?"

हे मला तोवर सुचलं नव्हतं. वादात त्या एकट्या होत्या. दोघा पुरुषांनी मिळून इंदूला चोरून घराबाहेर काढलं होतं, आणि ती ताठ मानेनं, सांगून निघाली असं म्हणणारी बाई एकटीच होती. मी म्हटलं, पुन्हा एकदा द्या कुणाला तरी. बस आली, त्या चढल्या.

या वर्षी उगादीनंतर, म्हणजे आपल्या पाडव्यानंतर, अक्कांचं चालणं कमी झालं. हृदयाचं काही होतं. डॉक्टरांनी जिने बंद केले, बस बंद केली. मंडळात येणं थांबलं. मी जात असे. शेवटच्या वेळी गेलो तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. सुनेनं कॉफी आणून दिली. इंदूचा विषय निघालाच. माझ्याकडे एक नवा मुद्दा होता, बसच्या वेळेचा. वसतिगृहाच्या गावाला एकच संध्याकाळची बस, असं अठ्ठ्याऐंशीव्या पानावर येतं. म्हणजे ती दिवेलागणीला निघाली. त्या वेळी घरात निरोप घ्यायला कुणाला सवड असते?

अक्कांनी ऐकून घेतलं. "चांगला आहे मुद्दा," म्हणाल्या. मी घाबरलो. त्यांनी माझा मुद्दा चांगला म्हटल्याची ती पहिलीच वेळ.

"अक्का, तुम्ही मान्य करताय?"

"मान्य कुठं करतेय? चांगला आहे म्हटलं. दम लागतोय हो स्वल्प. उत्तर पुढच्या वेळी देते." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "माझ्यामागं तुम्ही भांडणार कुणाशी?"

मी म्हटलं, तुम्ही आधी उत्तर द्या, मग बघू. त्या आठवड्यातच त्या गेल्या. उत्तर आलं नाही.

दिवस झाल्यावर त्यांच्या मुलाला भेटायला गेलो. त्यानं आपणहून पुस्तकांचं कपाट उघडलं आणि म्हणाला, "अण्णा, तुम्हाला पायजे ते घ्या. आम्ही कुणी वाचत नाही." मी पाहिलं. मावळत्या सूर्याचं एकही नव्हतं. इंदूचंही नव्हतं. त्यानं घरभर शोधलं. "अम्मानं कुणाला तरी दिलं असणार," तो म्हणाला. मी म्हटलं, असू दे. मंडळातच कुणाच्या तरी घरी ते शोभेच्या कपाटात उभं असणार, याची मला जवळजवळ खात्री होती.

मंडळानं श्रद्धांजलीची बैठक ठेवली. सर्वांनी पाच-पाच मिनिटं बोलायचं. देवधरांनी अक्कांच्या आयुष्यातून तीन टेकअवे काढले. मला त्यांचा राग आला नाही. माणूस रडवेला झाला होता, आणि त्याच्याकडे दुसरं भांडं नव्हतं. एकानं त्यांच्या गोड बोलीबद्दल सांगितलं. एकानं त्या मंडळाच्या माउली होत्या असं म्हटलं, ते अक्कांनी चालवून घेतलं नसतं.

माझी पाळी आली. खिशात बसच्या वेळेचा मुद्दा होता, त्याचं उत्तर यायचं होतं. मी तोच बोललो. इंदू न सांगता गेली, असं सांगितलं. साड्या, लोणचं कुणी पाठवलं याचा पत्ता नाही, संध्याकाळची बस. अक्कांचं म्हणणंही जसंच्या तसं मांडलं, आणि ते मला का पटत नाही तेही. समोरची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. गेलेल्या माणसाच्या चुका काढायची ही कुठली रीत? शेवटी देवधरांनी हलकेच टाळी वाजवली आणि आता चहा घेऊ या, असं सुचवलं.

"थांबा," पानसेबाई म्हणाल्या.

त्या बसूनच बोलल्या. डोळे मिटले नाहीत, कशावर जोरही दिला नाही.

"टिळेकर, तुमचं चुकतंय. ती सांगून गेली."

मी म्हटलं, "लोणच्याचा मुद्दा मी आत्ताच..."

"लोणचं राहू दे. एकशे एकव्या पानावर इंदू रात्रीच्या भाताला चार वाट्या तांदूळ घेते. रोजचं माप म्हणून तसं लिहिलंय. एकशे बाराव्या पानावर ती तीन वाट्या घेते. सासू समोर मेथी निवडत बसलीय. सासू एक शब्द बोलत नाही. घरातली बाई अशीच सांगते, टिळेकर. अजून काय पाटी लावायची?"

ही दोन्ही पानं त्या दोनदा बांधलेल्या फर्म्यातली. म्हणजे चार आणि तीन हे आकडे मी दोन-दोनदा वाचले होते. जन्मभर आकड्यांवर पोट भरलेल्या माणसानं. पानसेबाईंच्या पर्समधून पुस्तकाचा मळका कोपरा डोकावत होता. अक्कांनी ते त्यांना दुसऱ्यांदा केव्हा दिलं, काही बोलून दिलं की नुसतंच हातात ठेवलं, हे मी विचारलं नाही.

चहाचे कप आले. मंडळी उठली, फोटोसाठी जागा करू लागली. मी तांदळाचा विचार करत होतो.

"सासू मेथी निवडत होती," मी म्हटलं. "म्हणजे तिची मान खाली होती. तिनं वाट्या पाहिल्या, हे कुठे लिहिलंय?"

"पाहायला कशाला लागतं? वाटी डब्यात किती वेळा गेली ते आवाजावरून कळतं. तुम्ही कधी गेलाय का स्वयंपाकघरात?"

"आवाजावरून तीन आणि चारमधला फरक?"

"बसा," पानसेबाई म्हणाल्या. त्यांनी पर्स मांडीवरून खाली ठेवली आणि आपली खुर्ची माझ्याकडे वळवली.